सगळी पोरं पास

१

मोठी माणसं कान तपासायला आली की ऐकू येत नसताना येतं म्हणतात, आणि लहान पोरं ऐकू येत असून मख्ख बसतात. दोघांनाही पकडायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं तेच करतेय. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत म्हणतही असे.

काम तसं साधं. इमारतीच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला माझी खोली आहे. तिच्या आत आणखी एक छोटी खोली. भिंतींना जाड मऊ अस्तर, दाराच्या कडेला रबर, मध्ये दुहेरी काच. आत गेलं की बाहेरचं जग बंद. एक बुटकं टेबल आणि दोन खुर्च्या, एवढंच सामान. पोराच्या कानांवर हेडफोन चढवायचा, हातात लाकडी ठोकळा द्यायचा आणि शिकवायचं की आवाज आला की ठोकळा डब्यात टाक. मी काचेबाहेर यंत्रापाशी बसते. कळ दाबते, आवाज जातो, ठोकळा पडतो. आतला माइक चालू असतो, त्यामुळे तो 'टक्' मला बाहेर ऐकू येतो. मग आवाज कमी करत जायचा. पोरं लबाड असतात, ताल पकडतात. म्हणून मी कधी लागोपाठ कळ दाबते, तर कधी नुसतीच दहा सेकंद हातावर हात ठेवून बसते.

त्या मंगळवारी सकाळी चार वर्षांची एक पोर आली. लाल स्वेटर, वाहणारं नाक. तिची आई कामावरून अर्धी रजा टाकून आली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती.

"हाका मारून मारून घसा बसतो माझा, मॅडम," ती म्हणाली. "ही ढिम्म हलत नाही. बोलते ती पण चार-दोनच शब्द. सासूबाई म्हणतात, हट्टी आहे नुसती. काय खरं ते एकदा सांगून टाका."

पोर आत शहाण्यासारखी बसली. प्रत्येक आवाजाला ठोकळा टाकला, अगदी बारीकातल्या बारीक आवाजालासुद्धा. मी गप्प राहिले की तीही ठोकळा गालाशी धरून गप्प. इतकी स्वच्छ तपासणी महिन्यातून एखादीच होते. मी खूश होऊन आईला सांगितलं, "कान खणखणीत आहेत. सासूबाईंचं बरोबर आहे, हट्टीच आहे तुमची लेक."

आई हसली नाही. मान हलवली आणि पोरीचं मनगट जरा घट्टच धरून निघाली.

नंतर आवरताना मी यंत्रामागे वाकले. हेडफोनच्या दोन्ही पिना बाहेर लोंबत होत्या.

२

माझाच पाय वायरीत अडकला असेल. उठताना. दुसरं काय असणार? वायरीतून आवाज गेलाच नसेल तर पोरीने ऐकलं काय, आणि ठोकळे टाकले कशावर? ज्याला उत्तर नाही तो प्रश्नच चुकीचा, असं म्हणून मी पिना खोचल्या आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

त्या पोरीच्या आईचा नंबर नोंदवहीत होता. परत बोलवायला दोन मिनिटं लागली असती. मी फोन केला नाही. एकतीस वर्षांचं नाव होतं ना माझं. या एका गोष्टीबद्दल स्वतःला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर भाऊ बसतात. चार महिन्यांत निवृत्त होणार आहेत, पण जिभेची निवृत्ती काही दिसत नाही. दोनेक आठवड्यांनी ते चहाचा कप घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"ताई, पेपर सोपा काढायला लागलात की काय?"

"का हो?"

"तीन महिने झाले, सहा वर्षांच्या आतलं एकही पोर नापास नाही. सगळी पोरं पास! अशी शाळा आमच्या वेळी असती तर मी पण इथे बसलो नसतो."

मी हसले आणि ते गेल्यावर फाइली काढल्या. महिन्याला चार-पाच पोरं तरी अशी सापडायची की ज्यांना कानाचं यंत्र लावावं लागायचं. तीन महिन्यांत एकही नाही. बारा पोरांच्या कागदांवर आया-बापांची काळजी पहिल्या पानावर आणि दुसऱ्या पानावर माझी सही, ऐकणं उत्तम.

यंत्रवाल्याला बोलावलं. त्याने तासभर सगळं खोलून, जोडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मग काचेतून पोरांना माझा हात दिसत असेल, खांदा हलत असेल, असं धरून मी काचेवर पुठ्ठा लावला. पिना मुद्दाम काढून ठेवल्या. आत पाच वर्षांचं एक पोर होतं.

कळ दाबली. टक्.

दहा सेकंद थांबले. काही नाही. दाबली. टक्.

मी माइकचा आवाज पूर्ण वाढवला. आत श्वास ऐकू येत होता. एक चोंदलेल्या नाकाचा, त्या पोराचा. आणि एक दुसरा, रोखून धरलेला, मग हळूच सोडलेला. काहीतरी चोरून करताना माणूस सोडतो तसा. मी धावत जाऊन दार उघडलं. आत पोर एकटंच होतं. दुसरी खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली होती, ती त्याच्या खुर्चीला चिकटून होती.

"तू ओढलीस का रे?" मी विचारलं. पोराने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि नुसतंच हसलं.

परत येऊन बसले आणि उगाच कळ दाबून पाहिली. तेव्हा लक्षात आलं की कळ दाबताना माझ्या उजव्या पायाचा अंगठा बुटात खाली दाबला जात होता. किती वर्षं असं चाललं होतं, देव जाणे.

३

आता सांगते. कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी बहिणी. मी मोठी आणि ती बारकी, घरात हाक मारायची ती याच नावांनी. चार वर्षांचं अंतर, एक पलंग, एक पांघरूण. बारकी बोलत नव्हती. मी नऊ वर्षांची असताना आईने तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी बाबा आईला म्हणत होते, "बहिरी निघाली तर त्या निवासी शाळेत ठेवावं लागेल. वर्षातून दोनदा घरी." मी दाराआड उभी होते. मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

मग मी बारकीला शिकवलं. मी पायावर पाय दाबला की हात वर करायचा. हात वर केला की मी टाळ्या वाजवायची, तिला उचलून गरगर फिरवायची. तासाभरात ती तरबेज झाली. तिला वाटलं, खेळ आहे.

डॉक्टर तिच्या पाठीमागे उभे राहून घंटी हलवत, चमचे वाजवत. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, ती घाबरू नये म्हणून. टेबलाखाली माझा पाय तिच्या पायावर. डॉक्टर आईला म्हणाले, "कान उत्तम आहेत. हट्टी आहे झालं. जरा शिस्त लावा."

आणि शिस्त लागली. ऐकू येतं आणि ऐकत नाही, हे बाबांच्या डोक्यात बसलं. अडगळीच्या खोलीत तिला कोंडून ते बाहेरून म्हणायचे, "हो म्हण, दार उघडतो." नुसतं हो म्हणायचं होतं. तो एक शब्द तिला येत होता. पण म्हणायचा कधी, ते तिला कसं कळणार? ती आत रडायची आणि बाबा बाहेर घसा फोडायचे. बाबांची पाठ वळली की मी पालथी पडून दाराखालच्या फटीतून हात घालायची आणि तिच्या पायावर बोट दाबायची. मग ती, मी शिकवल्याप्रमाणे, 'हो' म्हणायची. बाबांना वाटायचं, शिस्त लागतेय.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दोन वर्षं सांगितलं नाही. आधी तिला नेतील म्हणून, मग मला मारतील म्हणून, आणि मग नुसतीच सवय म्हणून. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी ओळखलं. तिला त्याच निवासी शाळेत पाठवलं. पण बोलणं लागायचं वय हातचं गेलं होतं. बाबा मरेपर्यंत त्या डॉक्टरांना शिव्या घालत होते. आई अजून म्हणते, "त्या माणसाने माझ्या पोरीचं वाटोळं केलं." मी मान डोलावते.

बारकी आज दुसऱ्या गावी असते. शिवणाच्या कारखान्यात चाळीस बायकांवर मुख्य आहे, नवरा भला आहे. आम्ही रोज फोनवर लिहून गप्पा मारतो. घरी आली की जेवताना टेबलाखालून हळूच माझ्या पायावर पाय ठेवते आणि डोळे मिचकावते. तिच्या लेखी ती आमच्या लहानपणातली सगळ्यात गोड आठवण आहे. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

हे काम मी का धरलं, ते उघड आहे. आणि मनाची समजूत घालायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. मला तेव्हा कुठे माहीत होतं पुढे काय होणार? नऊ वर्षांची पोर होते मी.

४

लाल स्वेटरवाली आई आपणहून परत आली. गुरुवारी सकाळी, नंबर न लावता. पोर तिच्या बोटाला होती. आई रडून आली होती की रात्रभर जागली होती, कळत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात कान चांगले आहेत, म्हणून मी कडक झाले," ती उभ्याउभ्याच बोलायला लागली. "काल बाथरूममध्ये कोंडली. बाहेरून म्हटलं, चुकले म्हण, लगेच उघडते. दीड तास, मॅडम! हूं नाही की चूं नाही. शेवटी मीच हरले. दार उघडलं तर ही बादलीला धरून बसलेली. आणि मला बघून हसली हो. हट्टी मूल असं हसतं का? तुम्ही परत एकदा बघा. माझी चूक असली तर मला तोंडावर सांगा."

चूक कुणाची होती ते मला ठाऊक होतं. पण हिचे खरे कान माझ्या हाती लागत नव्हते. आज लागले नाहीत, तर ही बाई मनातली शंका गिळून घरी जाणार आणि तो दरवाजा पुन्हा लागणार. मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि भाऊंना हाक मारली.

"भाऊ, माझ्या खुर्चीवर बसा. मी आत जाते. मनाला येईल तेव्हा ही कळ दाबायची. मला कळू द्यायचं नाही."

"ताई, मी तर पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबतो."

"बसा हो गुपचूप!"

५

पिना काढलेल्या. काचेवर पुठ्ठा. पोर बुटक्या टेबलाशी, हातात ठोकळा. मी दाराला पाठ लावून उभी.

भाऊ बाहेर कळ दाबत असणार. एक मिनिट गेलं, दोन गेली. ठोकळा हलला नाही. माझ्या जिवात जीव आला. चला, माझ्याच हालचालीतून काहीतरी निसटत होतं, एवढंच. मी अंगही हलवलं नाही आणि मनातल्या मनात म्हटलं, आता.

टक्.

पोरीने दुसरा ठोकळा उचलला. माझ्याकडे तिने पाहिलंही नव्हतं. मी थांबले. मग पुन्हा, मनात, आता.

टक्.

तेव्हा मला कळलं की ही गोष्ट मला उलगडून सांगता येणार नाही, आणि टाळताही येणार नाही. यंत्र बदललं, माणूस बदलला तरी निकाल मलाच लिहायचा होता, आणि मला ठाऊक असलेला प्रत्येक आवाज आत श्वास रोखून बसलेल्या त्या दुसरीलाही ठाऊक असणार होता. ती कोण, हे मी अजून स्वतःशी म्हटलं नव्हतं. एक ठोकळा जमिनीवर घरंगळला. तो उचलायचं निमित्त करून मी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली पाहिलं.

टेबलाखाली तीन पाय होते.

दोन पोरीचे, मोजे घातलेले. तिसरा अनवाणी, रिकाम्या खुर्चीकडून आलेला, पोरीच्या पायावर टेकलेला. घोट्याच्या वर मला काही दिसलं नाही. वर पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. खाली पाहिलं तर पाय होता. अंगठ्यावर चढून बसलेलं दुसरं बोट, नखाखाली माती. आपला पाय माणूस कुठेही ओळखतो, नऊ वर्षांचा असला तरी.

मी घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. पण भीतीहून जास्त मला तिची दया आली. किती घट्ट, किती मन लावून ती पोरीच्या पायावर पाय दाबून बसली होती! तीन महिने, एकेका पोराला घरी ठेवायला.

"मोठे," मी म्हटलं. "सोड गं तिला."

पाय हलला नाही.

"तू तिला वाचवत नाहीयेस. ऐक माझं. तिला अडगळीच्या खोलीत कोंडतील. बाहेरून कडी लावतील. बाबा दारावर थापा मारतील आणि तिला त्यातलं काही कळणार नाही. तिला कधीच नीट बोलता येणार नाही, मोठे. आणि एवढं करून दोन वर्षांनी तिला नेतातच. त्याच शाळेत. काही उपयोग नाही गं. आत्ता सोड, म्हणजे ती शिकेल. तुझ्याशी बोलेल."

माइक चालू होता, भाऊंना सगळं ऐकू जात होतं, याची मला जाणीव होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी रडत होते. बराच वेळ तो पाय तसाच होता. मग बोटं आखडली. पाय हळूच उचलला गेला, क्षणभर अधांतरी राहिला आणि मागे गेला.

पोरीने रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली. तिचा चेहरा रडवेला झाला.

६

पिना खोचून मी पहिल्यापासून तपासणी केली. मोठ्यात मोठा आवाज होईपर्यंत ठोकळा तिच्या मुठीतच राहिला. मी आईला समोर बसवलं आणि सांगितलं की तिच्या लेकीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, मागच्या वेळी चूक माझी झाली, आणि अजून उशीर झालेला नाही.

"म्हणजे काल मी बाहेरून..." ती म्हणाली. पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मला तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाकीच्या अकरा घरी, आणि पुठ्ठ्याच्या दिवशीच्या त्या पाच वर्षांच्या पोराच्या घरीही, मी स्वतः फोन केले. सगळ्यांची क्षमा मागितली, सगळ्यांना परत बोलावलं. भाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा केली नाही.

"ताई, आत कोण रडत होतं?"

"मीच."

"तुमचा आवाज ओळखतो मी. दुसरं कोणतरी. लहान."

मी ग्लास रिकामा केला. दार लावलं आणि फोन हातात घेतला. आज बारकीला लिहायचं होतं. सगळं, त्या पायाचं, डॉक्टरांचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धीर आला होता, कारण आज एका पोरीला तरी मी सोडवलं होतं. लिहीत गेले. शेवटी लिहिलं, 'मला तेव्हा माहीत नव्हतं गं, पुढे काय होणार ते.'

आणि ते लिहिताना मला डॉक्टरांची खोली आठवली.

फिनाइलचा वास. मागे उभे असलेले डॉक्टर, कोपऱ्यात पदर चाळवत बसलेली आई. टेबलाखाली माझा पाय बारकीच्या पायावर. आणि तिथेच, टेबलाखाली, गुडघ्यांवर बसलेली पांढऱ्या केसांची एक बाई. वाकून, डोळ्यांत पाणी आणून ती माझ्याशी बोलत होती. आईला ती दिसत नव्हती. मला वाटलं, ही त्या निवासी शाळेतली बाई, बारकीला न्यायला आलीय. ती म्हणत होती, कोंडतील. म्हणत होती, कडी लावतील, बोलता येणार नाही, नेतातच शेवटी. मी शब्दन् शब्द ऐकला. माझे कान चांगले होते. मी घाबरून पाय उचलला. डॉक्टरांनी घंटी हलवली. बारकीने माझ्याकडे पाहिलं, हात वर करू का म्हणून, आणि तिचा चेहरा रडवेला झाला. ते मला बघवेना. ती मला हवी होती. मी पाय परत ठेवला, आधीपेक्षा जोरात.

ही आठवण कालपर्यंत माझ्याकडे नव्हती, की होती आणि मीच ती इतकी वर्षं कानाआड केली होती, हे मला सांगता येत नाही. मी खूप आठवून पाहिलं. ती बाई खाली नसलेलं ते टेबल आता मला आठवतच नाही.

शेवटचं वाक्य मी खोडलं. त्या जागी लिहिलं, 'मला माहीत होतं.' आणि पाठवलं.

तिने वाचल्याची खूण लगेच उमटली. उत्तर अजून आलेलं नाही.